बालकुमार पुस्तकांची निवड करणाऱ्यांना खुले पत्र : हसवणाऱ्या पुस्तकांचाही गांभीर्याने विचार व्हावा

बालकुमार साहित्याच्या पुरस्कारांचे परीक्षक, वाचनयाद्या ठरवणारे शिक्षक आणि ग्रंथालयांसाठी पुस्तके निवडणारे ग्रंथपाल यांस,

सविनय नमस्कार.

मी पंधरा वर्षांची वाचक आहे. मुलांनी काय वाचावे हे आपण मंडळी ठरवता आणि त्या निर्णयाचे बरेवाईट परिणाम आमच्या वाचनावर होतात, म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून लिहीत आहे. विषय एकच आहे : मुलांसाठी आणि कुमारांसाठी लिहिलेली विनोदी पुस्तके. ही पुस्तके आम्ही आवडीने वाचतो हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्याबद्दल आपली तक्रारही नसते. परंतु उत्तम पुस्तक कोणते हे ठरवण्याची वेळ आली की ती यादीत क्वचितच दिसतात. वियोग, युद्ध, आजारपण यांवरचे पुस्तक विषयामुळेच महत्त्वाचे ठरते आणि हसवणारे पुस्तक ‘मनोरंजक आहे’ एवढ्या शेऱ्यावर बाजूला ठेवले जाते. हा भेद मला मान्य नाही. तो का मान्य नाही हे सविस्तर मांडता यावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

ही तक्रार माझ्या एकटीची नाही. अमेरिकेत बालसाहित्यासाठी न्यूबेरी पदक १९२२ पासून आणि ब्रिटनमध्ये कार्नेगी पदक १९३६ पासून दिले जाते. तरीही ब्रिटनचे ‘चिल्ड्रन्स लॉरिएट’ हे मानाचे पद भूषवत असताना कवी मायकेल रोझेन यांना २००८ मध्ये विनोदी पुस्तकांसाठी वेगळा पुरस्कार सुरू करण्याची गरज वाटली. मुलांचे लाडके ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचे दोन विभाग होते : एक सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पुस्तकांसाठी आणि दुसरा सात ते चौदा या वयोगटासाठी. २०१३ नंतर तो दिला गेला नाही. पुढे २०१६ पासून ‘लॉलीज’ नावाचे विनोदी पुस्तकांचे पुरस्कार सुरू झाले आणि त्यांत अंतिम निवड मुलांच्या मतांनी होऊ लागली. हे प्रयत्न मला मनापासून आवडतात, परंतु वेगळा पुरस्कार मिळाला म्हणजे प्रश्न मिटला असे मला वाटत नाही. विनोदी पुस्तक इतर उत्तम पुस्तकांच्या शेजारी ठेवून, त्याच कसोट्यांवर, तितक्याच बारकाईने वाचले जावे, एवढीच माझी मागणी आहे.

बारकाईने वाचले जावे असे म्हणते, कारण विनोदामागची कारागिरी पहिल्या वाचनात दिसत नाही. वाचक हसण्यात गुंतलेला असतो आणि लेखकाने ते हसू कसे घडवले याकडे त्याचे लक्ष जात नाही. लुईस कॅरल यांच्या १८६५ सालच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या कादंबरीतील एकच जागा पाहा. आयझॅक वॉट्स यांची १७१५ सालची एक कविता त्या काळातील इंग्रज मुलांना पाठ करावी लागत असे. मधमाशी दिवसभर कशी राबते, आळस कसा करत नाही, तसेच आपणही वागावे, असा तिचा आशय आहे. गोंधळलेली ॲलिस आपण अजून पूर्वीचीच ॲलिस आहोत की नाही हे तपासण्यासाठी ती कविता म्हणायला जाते आणि तिच्या तोंडून भलतेच निघते. कष्टाळू मधमाशीच्या जागी मगर येते. ही मगर आपले चकाकते शेपूट आणखी चमकवते, पंजे नीटनेटके पसरते आणि छोट्या माशांचे आपल्या हसऱ्या जबड्यात प्रेमाने स्वागत करते. छंद तोच, कौतुकाचा सूरही तोच. लेखकाने फक्त प्राणी बदलला आहे आणि तेवढ्याने त्या उपदेशातील सगळा आव गळून पडतो. मूळ कविता आज फारशी कुणाला पाठ नसते, तरीही हे विडंबन वाचून हसू येते. कारण मुलांशी बोलताना मोठी माणसे जो विशिष्ट गोड आवाज काढतात तो प्रत्येक मुलाच्या ओळखीचा असतो. इतक्या मोजक्या ओळींत इतके काही साधणाऱ्या लेखनाला ‘हलकेफुलके’ म्हणणे मला योग्य वाटत नाही.

चित्रपुस्तकांतला विनोद तर आणखी नाजूक असतो, कारण तो पान उलटण्यावर उभा असतो. उजव्या पानावर कुणीतरी ठामपणे सांगते की घरात सर्व काही ठीक आहे. वाचक पान उलटतो आणि चित्रात छप्पर उडालेले असते. मजकुरात छपराचा उल्लेख आला की गंमत संपली. शब्दांनी किती सांगायचे, चित्राने किती सांगायचे आणि पान कुठे संपवायचे, हे तिन्ही निर्णय अचूक असावे लागतात. माझ्या लहान भावाला मी अशी पुस्तके वाचून दाखवते. पुढच्या पानावर काय आहे हे त्याला पाठ असते, तरी पान उलटण्याआधी तो श्वास रोखून बसतो आणि उलटताच पहिल्याइतकाच हसतो. जी गंमत केवळ धक्क्यावर उभी असते ती दुसऱ्या वेळी विरते. जी रचनेवर उभी असते ती माहीत असूनही पुन्हा हसवते. माझ्या मते पुस्तक पारखण्याची ही फार चांगली कसोटी आहे आणि ती लावण्यासाठी परीक्षकांनी पुस्तक किमान दोनदा, त्यातही एकदा मुलांसमोर मोठ्याने, वाचायला हवे.

मोठ्या लेखकांनी या प्रकाराला कधी कमी लेखलेले नाही. सुकुमार राय यांचा ‘आबोल ताबोल’ हा बंगालीतील निरर्थक कवितांचा संग्रह १९२३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत प्रकाशित झाला. काळ्या आजाराने ते खिळून होते, वय अवघे पस्तीस होते, आणि त्या दिवसांतही मुलांना हसवणाऱ्या कवितांच्या या पुस्तकाची तयारी ते करत होते. आपल्या मराठीत विंदा करंदीकरांनी ‘एटू लोकांचा देश’ लिहिला. पुढे ज्ञानपीठ पुरस्काराचा मान मिळालेल्या या कवीने मुलांसाठी अजब देश रचताना आपली प्रतिभा राखून ठेवली नव्हती. अशी उदाहरणे समोर असताना विनोद ही लेखकाने फावल्या वेळात करायची गोष्ट आहे, हा समज कुठून आला हे मला खरोखर समजत नाही.

विनोदी पुस्तकांच्या बाजूने बोलणारी माणसेही कधी कधी असे काही बोलतात की मला वाईट वाटते. ‘वाचू दे त्याला हे, वाचनाची गोडी लागली की आपोआप चांगल्या पुस्तकांकडे वळेल,’ हे वाक्य मी अनेक मोठ्यांकडून ऐकले आहे. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु या वाक्यात हसवणारे पुस्तक म्हणजे फक्त एक पायरी ठरते आणि पायरीवर कुणी मुक्काम करू नये असेही त्यात आलेच. वाचनाची गोडी लावण्यात या पुस्तकांचा वाटा मोठा आहे हे मी नाकारत नाही. डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ १९५७ मध्ये आले तेव्हा नव्याने वाचायला शिकणाऱ्या अमेरिकी मुलांच्या हाती नीरस वाचनपाठांची पुस्तके असत. स्यूस यांनी अवघे २३६ वेगवेगळे शब्द वापरून एक धमाल गोष्ट यमकांत बसवली आणि वाचायला शिकणे कंटाळवाणे असण्याची गरज नाही हे दाखवून दिले. परंतु ते पुस्तक आजही वाचले जाते ते त्याच्या शब्दसंख्येमुळे नव्हे. आई घरी नसताना आलेल्या पाहुण्याने घर उलटेपालटे केले आणि ती परत येण्याआधी सारे जागेवर गेले, तर तिला काय सांगायचे, हा त्या गोष्टीच्या शेवटचा प्रश्न कोणत्याही मुलाला विचार करायला लावणारा आहे.

काही मुलांच्या बाबतीत तर हा पायरीचा हिशेब फारच अपुरा पडतो. ‘कॅप्टन अंडरपँट्स’ ही मालिका १९९७ मध्ये सुरू झाली. तिचे लेखक-चित्रकार डेव्ह पिल्की यांना लहानपणी एडीएचडी (लक्ष एकाग्र करण्यातली अडचण) आणि डिसलेक्सिया (वाचण्यातली अडचण) असल्याचे निदान झाले होते. वर्गात शांत बसता येत नसल्यामुळे शिक्षक त्यांना बाहेर बसवत, आणि तिथे बसूनच त्यांनी आपल्या चित्रकथा काढायला सुरुवात केली, असे ते स्वतः सांगतात. वाचताना अक्षरे ज्यांना दाद देत नाहीत अशा असंख्य मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलेले पुस्तक यांपैकी एखादे असते. तरीही अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदींनुसार २०१२ आणि २०१३ या दोन्ही वर्षी ग्रंथालयांतून काढून टाकण्याची सर्वाधिक मागणी याच मालिकेबद्दल झाली. भाषा सभ्य नाही, मुलांच्या वयाला साजेसे नाही, असे आक्षेप होते. मी त्या पुस्तकांतला प्रत्येक विनोद उचलून धरणार नाही. चड्डीवरचा विनोद शंभराव्यांदा वाचताना मलाही कंटाळा येतो. परंतु त्या कथांतील दोन मित्र सतत काहीतरी रचत असतात, लिहीत असतात, चित्रे काढत असतात, आणि त्यांना गप्प बसवू पाहणाऱ्या अधिकाराला ते कल्पनाशक्तीने उत्तर देतात. हे आक्षेप घेणाऱ्यांच्या नजरेतून निसटले असे मला वाटते. स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या पिप्पी या खोडकर मुलीच्या पुस्तकाचेही असेच झाले होते. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते हस्तलिखित नाकारले, दुसऱ्या संस्थेने १९४५ मध्ये छापले, आणि पुढच्याच वर्षी एका विद्वान प्राध्यापकांनी वर्तमानपत्रातून त्यावर कडाडून टीका केली. आज ती मुलगी जगभरच्या मुलांच्या ओळखीची आहे.

याचा अर्थ असा नव्हे की जे जे हसवते ते सगळे चांगले. विनोदी म्हणून खपवली जाणारी अनेक पुस्तके मला अजिबात आवडत नाहीत आणि त्यांची निवड होऊ नये असे मला तितक्याच तीव्रतेने वाटते. अक्षरे मोठी केली, तिरकी केली आणि वाक्यामागे तीन उद्गारचिन्हे दिली म्हणजे विनोद होत नाही. गंमत सांगून झाल्यावर ती समजावून सांगणारा लेखक वाचकावर विश्वास ठेवत नाही. आमची बोलभाषा वापरण्याच्या नादात दोन-तीन वर्षांपूर्वीचे शब्द पेरणारी पुस्तके वाचताना अवघडल्यासारखे होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे जाड मुलगा, बोबडी मुलगी, अडखळत बोलणारा विद्यार्थी यांच्या शरीरावर किंवा बोलण्यावर उभा केलेला विनोद. तो वाचताना वर्गातील एखादा मुलगा मान खाली घालतो, हे मी पाहिले आहे. रोआल्ड डाल यांच्या पुस्तकांतून ‘जाड’ यांसारखे शब्द काढून नव्या आवृत्त्या छापल्याचे २०२३ मध्ये उघड झाले तेव्हा मोठा वाद झाला आणि प्रकाशकांना मूळ संहिता असलेल्या आवृत्त्याही उपलब्ध ठेवण्याचे जाहीर करावे लागले. मला तो बदल पटला नाही. हयात नसलेल्या लेखकाचे वाक्य दुसऱ्याने गुळगुळीत करण्यापेक्षा जुने पुस्तक जसे होते तसे वाचावे, त्यातले काय खटकते हे मुलांशी बोलावे, आणि जे कुणाला खाली न पाडता हसवते असे नवे लेखन शोधून यादीत आणावे. ते शोधणे हे आपले काम आहे, आणि विनोदी पुस्तके मुळात गांभीर्याने वाचलीच नाहीत तर ते होणार नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी प्रामुख्याने हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येते. लहान मुलांसाठी निदान विनोदी पुस्तके लिहिली तरी जातात. बारा-तेरा वर्षांनंतर ती जवळजवळ संपतात. त्या वयानंतर यादीत जी पुस्तके येतात ती व्यसन, हिंसा, नैराश्य, मृत्यू यांच्याबद्दलची असतात. त्यांपैकी काही मला अतिशय आवडली आहेत, त्यांनी मला घडवले आहे, आणि ती यादीतून काढावीत असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु आम्ही मोठे होऊ लागलो की आमच्या आयुष्यात गंभीर प्रसंगच उरतात असे आपण धरून चालता का, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो. आम्ही तर याच वयात सर्वांत जास्त हसतो, आणि हसण्याची गरजही याच वयात सर्वांत जास्त असते. शरीर बदलत असते, आवाज बदलत असतो, आपल्या प्रत्येक हालचालीकडे सगळे जग पाहत आहे असे वाटत असते. असा अवघडलेपणा दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला आलेला वाचला, आणि तो वाचताना हसू आले, की स्वतःच्या अवघडलेपणाकडेही थोड्या अंतरावरून पाहता येते. उपदेशाच्या पुस्तकांनी मला हे कधी दिले नाही.

या संदर्भात स्यू टाउनसेंड यांच्या १९८२ साली प्रकाशित झालेल्या पुस्तकाचे उदाहरण द्यायलाच हवे. पावणेचौदा वर्षांच्या एड्रियन मोल या मुलाची ती रोजनिशी आहे. एड्रियन स्वतःला विचारवंत समजतो, कविता लिहून बीबीसीला पाठवतो आणि हनुवटीवर आलेल्या पुटकुळीची काळजी करतो. त्याच वेळी त्याच्या आईवडिलांचा संसार मोडत असतो. आईचे शेजाऱ्यांशी काय चालले आहे ते एड्रियनने स्वतःच लिहिलेल्या नोंदींतून वाचकाला कळत जाते, पण लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही. पुटकुळी आणि घराची पडझड यांना रोजनिशीत सारख्याच ओळी मिळतात. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की या मुलाला सांभाळणारे घरात कुणीच उरलेले नाही. सांगणाऱ्याला जे दिसत नाही ते वाचकाला दाखवणे, आणि तरीही सांगणाऱ्याबद्दल माया वाटत ठेवणे, हे किती अवघड आहे याचा विचार करावा. घटस्फोटावरची गंभीर कादंबरी जे सांगते ते सगळे या पुस्तकात आहे. त्यात बेकारी आहे, म्हातारपणाचे एकटेपणही आहे. केवळ ते वाचताना हसू येते म्हणून त्याचे वजन कमी कसे होईल?

मुलांचे आणि मोठ्यांचे विनोदी लेखन यांच्यातली सीमाही वाटते तितकी पक्की नसते. जेफ किनी यांची ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ ही मालिका २००७ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली आणि जगभरच्या मुलांनी ती डोक्यावर घेतली. परंतु किनी यांनी ती मुळात मोठ्यांनी आपले बालपण आठवावे म्हणून लिहायला घेतली होती आणि ती मुलांची पुस्तके होऊ शकतात हे प्रकाशकांनी ओळखले. मराठीत उलट दिशेने हेच घडते. माझ्यासारख्या कित्येक वाचकांनी चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ याच वयात वाचले, कारण आमच्या वयाचे विनोदी पुस्तक शोधूनही मिळत नव्हते. ते वाचून आनंदच झाला. तरीही त्या गोष्टी नोकरी करणाऱ्या, संसार करणाऱ्या माणसाच्या आहेत. चौदा वर्षांच्या मुलीच्या आजच्या दिवसात जे हास्यास्पद आहे, तिच्या मैत्रिणींच्या गटात, तिच्या मोबाइलवर, तिच्या परीक्षेच्या भीतीत जे आहे, ते लिहिणारा कुणी असायला हवा.

हसण्यासाठी मुलांना आता पुस्तकाची गरज उरलेली नाही, मोबाइलवर हवे तेवढे हसू मिळते, असे काही जण म्हणतील. ते मीही पाहते. पंधरा सेकंदांच्या चित्रफितीत एक गंमत घडते आणि पुढची चित्रफीत येण्याआधी ती विसरली जाते. कादंबरीतला विनोद वेगळा चालतो. विसाव्या पानावर सहज उल्लेख झालेली हरवलेली छत्री दीडशेव्या पानावर नको त्या माणसाच्या हातात दिसते, आणि मधली एकशेतीस पाने वाचलेल्या वाचकालाच त्याचे हसू येते. ती एकशेतीस पाने आपण त्या माणसांच्या सोबत राहिलेले असतो. हा अनुभव देणारी पुस्तके आमच्या वयासाठी लिहिली जावीत असे वाटत असेल तर ती लिहिणाऱ्यांना त्यांची दखल घेतली जाईल याची खात्री हवी, आणि ती खात्री आपणच देऊ शकता.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. पुरस्काराच्या अंतिम यादीवर चर्चा होते तेव्हा प्रत्येक विनोदी पुस्तकातील एक प्रकरण समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचले जावे, आणि शक्य असेल तर ते ऐकायला त्या वयाची मुले बोलवावीत. मानपत्रात ‘हसता हसता मोलाचा संदेश देणारे पुस्तक’ असे लिहू नये. त्या पुस्तकातील विनोद कसा घडतो, लेखकाने काय सांगितले आणि काय सांगायचे टाळले, याबद्दल दोन वाक्ये लिहावीत, म्हणजे पुढच्या लेखकाला त्यातून काही शिकता येईल. ग्रंथपालांना विनंती अशी की तेरा ते सतरा वर्षांच्या वाचकांसाठी पुस्तके मागवताना त्यांत विनोदी पुस्तके किती आहेत हे एकदा मोजून पाहावे आणि ती लहान मुलांच्या कपाटात न ठेवता आमच्या कपाटात ठेवावीत, कारण लहान मुलांच्या कपाटापाशी जाऊन पुस्तक उचलायला चौदा वर्षांचा मुलगा संकोचतो. शिक्षकांनी वाचनयादीत एक तरी विनोदी कादंबरी घ्यावी आणि तिच्यावर इतर पुस्तकांसारखेच प्रश्न विचारावेत. निवड समित्यांत एक-दोन कुमारवयीन वाचकांना मताधिकारासह स्थान मिळावे, ही माझी शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची विनंती आहे. आम्ही प्रत्येक पुस्तक पूर्ण वाचू, टिपणे काढू आणि जे आवडले नाही ते का आवडले नाही हेही कारणांसह सांगू.

अशी संधी मिळाल्यास माझ्या वयाच्या वाचकांसाठी असलेल्या विनोदी पुस्तकांची एक यादी टिपणांसह पाठवण्याची माझी तयारी आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक कुमारवयीन वाचक